‘ओंदिना’ : एका तेलजहाजाचे लढणे आणि उरणे

आमच्या सटाण्याच्या घरात माळ्यावर घासलेटचा एक चौकोनी डबा कितीतरी वर्षे पडून होता. आजीने त्याचे तोंड कापून त्यात आधी पाणी, मग मठ-कुळीथ आणि शेवटी खिळे, बिजागऱ्या असे काहीबाही भरून ठेवले. डब्याच्या पत्र्यावर एका बाजूला शिंपल्याचा ठसा होता. समुद्र आम्ही पाहिलेला नव्हता. बागलाणात पाणी म्हणजे आरम, मोसम आणि गिरणा, तेही वर्षातले काही महिने. तेव्हा हा शिंपला आमच्या माळ्यावर कुठून आला, हा प्रश्न मला लहानपणी पडला नाही. तो पडला फार उशिरा, भारतीय नौदलाच्या दुसऱ्या महायुद्धातल्या एका चकमकीविषयी वाचताना. त्या चकमकीत एक तेलवाहू जहाज होते आणि त्याचे नावही एका समुद्री गोगलगायीचे होते : ‘ओंदिना’.

ही चकमक ११ नोव्हेंबर १९४२ ची. आपल्याकडच्या नौदलविषयक पुस्तकांत ती हमखास येते, पण ‘बेंगॉल’ या जहाजाचा पराक्रम म्हणून येते. ‘बेंगॉल’ रॉयल इंडियन नेव्हीचे, म्हणजे आपले. ज्या टँकरच्या सोबतीला ते निघाले होते, त्याला त्या गोष्टीत राजपुत्राने सोडवायच्या राजकन्येची जागा मिळते. डच पुस्तके उघडली की गोष्ट उलटी होते : टँकर नायक आणि ‘बेंगॉल’ वाटेत निघून गेलेला सोबती. एकाच दुपारच्या या दोन कथा शेजारी ठेवून पाहाव्यात आणि त्या टँकरचे पुढचे-मागचे आयुष्य शोधावे, एवढाच या लेखाचा हेतू.

आधी नावाचे. लंडनच्या मार्कस सॅम्युएलच्या वडिलांचा धंदा पूर्वेकडून शिंपले आणून विकण्याचा. मुलाने पुढे रशियातले घासलेट पूर्वेकडे न्यायचे ठरवले आणि त्यासाठी नव्या घडणीची टँकर जहाजे बांधून घेतली. त्यांतले ‘म्युरेक्स’ १८९२ साली सुएझ कालवा ओलांडून गेले. तिथून जाणारा तो पहिला टँकर. म्युरेक्स हेही एका शंखाचे नाव. कंपनीचेच नाव पुढे ‘शेल’ झाले आणि जहाजांना शंख-शिंपल्यांची नावे देण्याची चाल पडली. सॅम्युएलचा हिशेब पहिल्या फेरीत एका बाबतीत चुकला, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. अमेरिकन स्टँडर्ड कंपनी घासलेट निळ्या डब्यांतून विकत असे. सॅम्युएलने ते मोठ्या टाक्यांतून आणले, म्हणजे स्वस्त पडले. पण आशियातल्या गिऱ्हाइकाला नुसते तेल नको होते, डबाही हवा होता. त्या डब्याचे पोहरे होत, छपराला पत्रे होत, चुली होत. अखेर सॅम्युएलने पत्रा पाठवून जागच्या जागी लाल डबे करवून घेतले. आमच्या आजीला हा इतिहास ठाऊक नव्हता, पण डबा टाकायचा नसतो हे तिला पक्के ठाऊक होते.

‘ओंदिना’ १९३९ साली ॲमस्टरडॅमला बांधले गेले. शेल समूहातल्या ‘ला कोरोना’ या डच कंपनीचे हे ६,३४१ टनांचे मोटर-टँकर. कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलासारखे ते नवे असतानाच मे १९४० मध्ये जर्मनीने हॉलंड जिंकला. मायदेश गेला, जहाज समुद्रावर राहिले. लंडनला गेलेल्या डच सरकारच्या हाताखाली अशी शेकडो व्यापारी जहाजे दोस्तराष्ट्रांच्या कामाला लागली. ‘ओंदिना’वर अधिकारी डच, तर खालच्या कामावरची बहुतेक माणसे चिनी होती. शेलच्या टँकरांवर तेव्हा ही रीतच होती. मागच्या बाजूला चार इंची एक तोफ बसवली होती. ती चालवायला ऑस्ट्रेलियन नौदलातला हॅमंड नावाचा खलाशी आणि त्याच्या हाताखाली काही ब्रिटिश व डच माणसे. तोफेसाठी गोळे किती? बत्तीस.

हे जहाज नौदलाचे नव्हते. पण त्याच्याविना नौदल हलू शकत नव्हते. कोळशाचा जमाना संपून आरमारे तेलावर आली तेव्हापासून लढाऊ जहाजाची मजल त्याच्या तोफांनी ठरत नाही, त्याच्यामागे टँकर किती आहेत यावर ठरते. १९४२ हे साल त्याचा पुरावाच होते. १ मार्चला जावाच्या दक्षिणेला अमेरिकेचे तेलजहाज ‘पेकोस’ बुडवले गेले. एप्रिलमध्ये जपानी आरमार सिलोनवर चालून आले. ६ तारखेला विशाखापट्टण आणि काकिनाड्यावर बाँब पडले. ९ तारखेला ‘हर्मीस’ ही विमानवाहू नौका बुडाली, तिची आठवण सर्वांना आहे. त्याच दिवशी त्याच पाण्यात ‘अथेलस्टेन’ आणि ‘ब्रिटिश सार्जंट’ हे टँकरही गेले, हे तळटिपेत राहते. ७ मे रोजी प्रवाळ समुद्रात जपानी वैमानिकांनी ‘निओशो’ या अमेरिकी तेलजहाजाला विमानवाहू नौका समजून आपली सगळी ताकद त्यावर खर्च केली. चूक म्हणून ही घटना सांगतात, पण तेलजहाज गमावल्याचा घाव अमेरिकेला लहान नव्हता.

जपानला तर टँकर बुडवण्यापेक्षा पकडण्यात अधिक रस होता. त्यासाठी हिंदी महासागरात ‘होकोकु मारू’ आणि ‘आइकोकु मारू’ ही जोडी फिरत होती. दोन्ही जहाजे मुळात ओसाकाच्या जहाज कंपनीसाठी उतारू आणि माल नेण्यासाठी बांधलेली, प्रत्येकी दहा हजार टनांवरची, वेगवान. युद्धात त्यांच्यावर चौदा सेंटिमीटरच्या तोफा, टॉर्पेडो आणि समुद्रावर उतरणारी विमाने चढवली गेली. ९ मे १९४२ ला त्यांनी ‘गेनोता’ हा डच टँकर पकडला. तो शेलचाच, म्हणजे ‘ओंदिना’चा घरचा माणूस. जपान्यांनी त्याला ‘ओसे’ असे नाव देऊन आपल्या नौदलाचे तेलजहाज केले. जुलैत न्यूझीलंडचे ‘हाउराकी’ हे मालवाहू जहाजही या जोडीने असेच ओढून नेले. तेव्हा नोव्हेंबरात त्यांना समोर आणखी एक टँकर दिसला, त्या वेळी त्यांच्या कप्तानांच्या मनात काय आले असेल हे सांगायला नको.

‘ओंदिना’ तेव्हा कुठून कुठे जात होते? ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या फ्रीमँटलहून इराणातल्या अबादानला. नकाशा डोळ्यांसमोर आणला की या वाटेचे कारण कळते. फेब्रुवारीत सुमात्रातले पालेमबांग गेले. एप्रिलमध्ये ब्रह्मदेशातल्या येनानजाँगच्या तेलविहिरी इंग्रजांनी स्वतःच उद्ध्वस्त करून सोडल्या. पूर्वेचे तेल संपले. उरला अबादानचा शुद्धीकरण कारखाना, आणि ऑस्ट्रेलियापासून मुंबईपर्यंत सगळे त्याच्या तोंडाकडे बघत बसले. आपल्याकडे पेट्रोलचे रेशनिंग १९४१ मध्येच सुरू झाले होते. पाठीला कोळशाची भट्टी बांधून खोकत चढ चढणाऱ्या मोटारींच्या गोष्टी आमच्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांकडून मी ऐकल्या आहेत. त्या मोटारींचे खोकणे आणि ‘ओंदिना’ची ती खेप ही एकाच साखळीची दोन टोके.

महत्त्वाचे म्हणजे ही जातानाची खेप होती. टाक्यांत तेल नव्हते. जहाज तोलासाठी समुद्राचे पाणी भरून चालले होते.

सोबतीला दिलेली ‘बेंगॉल’ ही कॉर्वेट, साधारण साडेसहाशे टनांची. सिडनीच्या कॉकाटू गोदीत हिंदुस्थानसाठी बांधलेली आणि ऑगस्टमध्येच नौदलात दाखल झालेली. ऑस्ट्रेलियात अशा चार नौका आपल्यासाठी बांधल्या गेल्या : ‘बेंगॉल’, ‘बॉम्बे’, ‘मद्रास’ आणि ‘पंजाब’. यांतली ‘बॉम्बे’ १९४२ च्या मे-अखेरीस जपानी बुटक्या पाणबुड्या सिडनी बंदरात शिरल्या त्या रात्री तिथेच होती. ‘बेंगॉल’ आता पहिल्यांदाच घराकडे निघाली होती. तिचा कमांडर विल्यम विल्सन हा इंग्रज, खलाशी हिंदी. त्या काळी नौदलाची भरती परंपरेने रत्नागिरीकडच्या मुसलमान दर्यावर्दी घराण्यांतून होत असे. युद्धात ती पंजाबपासून मद्रासपर्यंत पसरली. कॉर्वेटला चार इंची तोफ मिळायची होती, पण ती उपलब्ध नव्हती, म्हणून बारा पौंडी तोफेवर भागवले होते. त्या तोफेचे गोळे चाळीसच्या आसपास. नव्या कोऱ्या लढाऊ जहाजाची तोफ व्यापारी टँकरच्या तोफेपेक्षा लहान, ही त्या वर्षातली हिंदी नौदलाची अवस्था.

त्या वर्षी लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला होते. त्याच दिवाळीच्या रात्री जयप्रकाश नारायण हजारीबागच्या तुरुंगाची भिंत ओलांडून निसटले. नाशिक, येरवडा इथले तुरुंग ऑगस्टपासून सत्याग्रहींनी भरलेले होते. इकडे घरोघरी भाऊबीज उरकत होती, आणि कोकोस बेटांच्या नैऋत्येला शेकडो मैल दूर काही हिंदी खलाशी ब्रिटिश सम्राटाचे निशाण लावून चालले होते. ही विसंगती मला खटकते असे म्हणावे, तर ते आजच्या सोयीचे खटकणे होईल. त्या खलाशांच्या घरी पगाराची मनिऑर्डर जात होती, आणि विशाखापट्टणवर बाँब टाकणारेही जपानीच होते. दोन्ही खरे.

११ तारखेला दुपारच्या सुमारास क्षितिजावर आधी एक जहाज दिसले, मग दुसरे. ‘ओंदिना’चा वेग बारा मैलांचा, समोरच्यांचा वीसच्या पुढचा. पळणे शक्य नव्हते. विल्सनने टँकरला निसटायला सांगितले आणि आपली कॉर्वेट सरळ शत्रूच्या अंगावर घातली. हा निर्णय कुणी कितीही कडक तपासला तरी धाडसाचाच ठरतो. आपल्यापेक्षा पंधरा पटींनी मोठ्या जहाजाकडे, एकाच हलक्या तोफेनिशी, कारण एकच : टँकरला चार घटका मिळाव्यात.

टँकरचा कप्तान विलेम हॉर्समन याने मात्र त्या घटका पळण्यात घालवल्या नाहीत. त्याने जहाजाची शेपटी शत्रूकडे केली, म्हणजे मागची तोफ उपयोगी पडेल, आणि हॅमंडच्या टोळीला मारा सुरू करायला सांगितले. काही वेळ दोन लहान तोफा एकाच लक्ष्यावर, ‘होकोकु मारू’वर, गोळे टाकत होत्या. आणि एक गोळा तिच्या टॉर्पेडोंच्या जागी जाऊन लागला. मोठा स्फोट झाला, आग मागच्या बाजूला दारूगोळ्यापर्यंत पोचली, आणि थोड्याच वेळात दहा हजार टनांचे ते जहाज समुद्राखाली गेले. तिच्या साडेतीनशेवर माणसांपैकी ७६ मेले, त्यांत तिचा कप्तानही होता.

तो गोळा कुणाचा? साऱ्या वादाचे मूळ इथे आहे. ‘बेंगॉल’च्या लोकांनी तो आपला म्हटला, ‘ओंदिना’च्या लोकांनी आपला. दोघेही प्रामाणिक असणार. धूर, आवाज, पाण्याचे फवारे यांत आपला गोळा कुठला हे तोफेमागच्या माणसाला ओळखता येईलच असे नाही. पण ‘बेंगॉल’चा अहवाल आधी पोचला, आणि तोही अशा वेळी की ‘ओंदिना’ बुडाले असेच सगळे समजून चालले होते. मेलेल्या माणसाची साक्ष निघत नाही. हिंदुस्थानात त्या काळी नौदलभरतीसाठी पराक्रमकथा हव्याच होत्या. कथा पक्की झाली आणि स्वातंत्र्यानंतरही आपल्या पुस्तकांत तशीच उतरत राहिली. मला स्वतःला कल ‘ओंदिना’कडे वाटतो. कारण साधे आहे. बारा पौंडी तोफेचा गोळा नावाप्रमाणे बारा-तेरा पौंडांचा. चार इंची तोफेचा तीस पौंडांवर. टॉर्पेडोच्या नळ्यांची कवचे फोडायला यांतला कुठला अधिक लायक, हे सांगायला नौदलातला माणूस लागत नाही. शिवाय ‘ओंदिना’ची तोफ मागे होती आणि टोळी शत्रूच्या मागच्या भागावर नेम धरत होती. पण हा कल आहे, निकाल नव्हे. आणि कल ‘ओंदिना’कडे गेला म्हणून विल्सन आणि त्याच्या खलाशांचे काही कमी होते असे मला वाटत नाही. ‘बेंगॉल’ने पहिला मारा अंगावर घेतला नसता तर ‘ओंदिना’च्या टोळीला नेम धरायला उसंतच मिळाली नसती.

यापुढचा भाग आपल्या पुस्तकांत एका ओळीत संपतो. खरी गोष्ट मात्र तिथून सुरू होते.

‘आइकोकु मारू’ शाबूत होती. ‘बेंगॉल’चे गोळे संपत आले. टँकर पुरेसे दूर गेले असेल किंवा गेलेच असेल, अशा समजुतीने विल्सनने धुराचा पडदा सोडून माघार घेतली. कॉर्वेटला भोके पडली, पण माणूस एकही गेला नाही. सहा दिवसांनी ती दिएगो गार्सियाला पोचली. विल्सनला पुढे डी.एस.ओ. मिळाला. डच लेखकांनी या माघारीवर नाराजी दाखवली आहे. गोळे नसलेली कॉर्वेट तिथे थांबून काय करणार होती, हा प्रश्न त्यांना विचारता येतो; आणि वळून एकदा पाहायला हवे होते, असे त्यांनी म्हटले तर त्यालाही उत्तर देणे सोपे नाही.

इकडे ‘ओंदिना’चे बत्तीस गोळे संपले. हॉर्समनने इंजिन थांबवून पांढरे निशाण चढवले आणि माणसांना लाइफबोटींत उतरायला सांगितले. त्याच वेळी पुलावर गोळ्याचे तुकडे येऊन तो जागीच मेला. ‘आइकोकु मारू’ने जवळ येऊन टँकरला टॉर्पेडो मारले. उजव्या कुशीला मोठी भगदाडे पडली, जहाज एका अंगावर झुकले. मग तिने लाइफबोटींवर मशीनगन चालवली. मुख्य इंजिनिअर आणि काही खलाशी त्यात मारले गेले. त्यानंतर ती ‘होकोकु मारू’ची पाण्यातली माणसे उचलायला गेली, परत आली, आणखी एक टॉर्पेडो सोडला, तो चुकला. झुकलेले, जळणारे टँकर आता आपोआप जाईल असे समजून ती निघून गेली.

ते गेले नाही. आणि याचे कारण टाक्या रिकाम्या होत्या. टँकरचे पोट एकसंध नसते. आडव्या-उभ्या पोलादी भिंतींनी त्याचे कप्पे केलेले असतात. एक कप्पा फुटला तर शेजारचा त्याला उचलून धरतो, आणि कप्प्यांत हवा असेल तर विचारायलाच नको. भरलेले असते तर अबादानचे तेल पेटून सगळे संपले असते. अर्थात रिकामी टाकी नेहमीच निर्धोक नसते. तेल उपसल्यावर मागे राहणारी वाफ भरल्या टाकीपेक्षा वाईट भडकते, हे पेट्रोलच्या टँकरवर वेल्डिंग करणाऱ्या कुठल्याही कारागिराला विचारावे. ‘ओंदिना’च्या टाक्यांत पाणी फिरलेले होते आणि ती वाफ फारशी उरली नसावी, हे तिचे दैव.

लाइफबोटींतून हे सगळे पाहणाऱ्या माणसांत पहिला अधिकारी रेहविंकेल होता. कप्तान मेल्यावर हुकूम त्याचा. त्याने जहाजावर परत जायचे ठरवले. सगळे तयार नव्हते. बुडत्या जहाजावर आणि तेही जपानी परत येऊ शकत असताना चढायला कोण तयार होईल? विशेषतः चिनी खलाशांचे मन वळवावे लागले असे डच कथनांत येते, आणि ते किंचित तक्रारीच्या सुरात येते. मला त्या खलाशांचे आश्चर्य वाटत नाही. दुसऱ्याच्या देशाचे जहाज, तिसऱ्याच्या देशाचे युद्ध, आणि नुकत्याच अंगावरून गेलेल्या मशीनगनच्या गोळ्या. आश्चर्य वाटते ते पुढचे : अखेर ते चढले आणि त्यांनीच इंजिन चालवले. रेहविंकेल आणि हॅमंड यांची नावे राहिली. इंजिनखोलीतल्या त्या माणसांची नावे पुस्तकांत शोधून सापडत नाहीत.

आधी मूठभर माणसे वर गेली. आगी विझवल्या. मग पंप चालू करून उलट बाजूच्या टाक्यांत पाणी घेतले, म्हणजे जहाजाचा कल सरळ झाला. घागर एका बाजूला झुकली की दुसरीकडे हात लावून ती तोलावी, तसलाच हा प्रकार, फक्त घागर सहा हजार टनांची. इंजिने धडधाकट होती. रात्री ‘ओंदिना’ने तोंड फिरवले आणि ते आले होते तिकडे, फ्रीमँटलला, परत निघाले.

पुढचा आठवडा एका चमत्कारिक अडचणीत गेला. जखमींना डॉक्टर हवा होता. पण गुप्त संकेतांची पुस्तके जहाज सोडताना नियमाप्रमाणे समुद्रात टाकली होती. म्हणून बिनतारी संदेश साध्या भाषेत पाठवले. फ्रीमँटलला ते मिळाले आणि तिथल्या अधिकाऱ्यांनी विचार केला : ‘ओंदिना’ तर बुडाले; मग हे कोण बोलते आहे? जपान्यांचा सापळा असणार. उत्तर दिले नाही. आपण जिवंत आहोत हे पटवून देणे जहाजाला जमेना. आपल्याकडे हयातीचा दाखला घेऊन कचेरीत उभ्या राहिलेल्या पेन्शनरला ही अवस्था परिचित असेल. १८ नोव्हेंबरला ‘ओंदिना’ स्वतःच्या इंजिनाने फ्रीमँटलच्या बंदरात शिरले.

इतके फुटलेले जहाज दुरुस्त करायला ऑस्ट्रेलियातल्या गोद्यांना सवड नव्हती. म्हणून त्याला दुसरेच काम मिळाले. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर वर उत्तरेला एक्समाउथचे आखात आहे. फ्रीमँटलहून जपानी पाण्याकडे निघालेल्या अमेरिकी पाणबुड्या तिथे थांबून टाक्या काठोकाठ भरून घेत. या आखातात ‘ओंदिना’ला तरंगता तेलसाठा म्हणून उभे केले. खऱ्या अर्थाने नौदलाचे तेलजहाज झाले ते इथे, आणि तेही जखमी असताना. या कामात कसलीही वीरकथा नाही. उन्हात तापलेला डेक, नळ्या जोडणे, नळ्या सोडवणे, वाट पाहणे. पण इथे भरलेल्या तेलावर पाणबुड्या शेकडो मैल अधिक पुढे जात आणि जपानच्याच टँकरांना गाठत. ‘गेनोता’ पकडणाऱ्यांचा हिशेब ‘ओंदिना’ असा शांतपणे चुकता करत होते, असे म्हणायचा मोह होतो.

दुरुस्ती अखेर १९४४ मध्ये अमेरिकेत, फ्लोरिडातल्या टँपा इथे झाली. युद्धाच्या शेवटी जहाज पुन्हा धंद्याला लागले. १९४८ मध्ये डच सरकारने माणसांबरोबर या जहाजालाही राजगौरव दिला. आणि मग सुरू झाले ते आयुष्य, ज्याविषयी कुणीच काही लिहीत नाही : तेल भरायचे, तेल ओतायचे, परत जायचे. मुंबईसारख्या बंदरांना या पिढीच्या टँकरांचा फार आधार होता, कारण १९५० पर्यंत आपल्याकडे वापरायचे बहुतेक पेट्रोल आणि घासलेट परदेशात शुद्ध होऊन येत होते. १९५१ मध्ये मोसादेकने अबादान राष्ट्राच्या मालकीचे केले आणि कारखाना ठप्प झाला, तेव्हा टँकरांच्या जुन्या वाटाच मोडल्या. १९५४-५५ मध्ये तुर्भ्याला, म्हणजे ट्राँबेला, स्टँडर्ड-व्हॅक्यूमचा आणि बर्मा-शेलचा असे दोन शुद्धीकरण कारखाने उभे राहिले. आता तयार तेलाऐवजी कच्चे तेल हवे होते, आणि कच्च्या तेलाला मोठी पोटे लागतात. १९५६ मध्ये सुएझ बंद पडल्यावर आफ्रिकेला वळसा घालावा लागला, तेव्हा जहाज जितके मोठे तितके स्वस्त, हे सगळ्यांना कळले. दशक संपेपर्यंत लाख टन वाहणारा टँकर पाण्यात उतरला होता. त्याच्यापुढे ‘ओंदिना’ म्हणजे होडी.

त्या दुपारच्या बाकीच्यांचे काय झाले, तेही सांगायला हवे. ‘गेनोता’, म्हणजे आताची ‘ओसे’, ३० मार्च १९४४ ला पलाऊ इथे अमेरिकी विमानांनी बुडवली. ‘आइकोकु मारू’ त्याआधीच, १७ फेब्रुवारी १९४४ ला, त्रुक बेटांत दारूगोळ्यासकट अशी फुटली की तिचा पुढचा भाग जागेवर राहिलाच नाही. आज पाणबुडे हौशीने तिथे उतरतात. ‘हाउराकी’ही त्याच बंदराच्या तळाशी आहे.

‘बेंगॉल’ युद्धभर हिंदी महासागरात राबली. ज्या नौदलाची शान म्हणून तिची गोष्ट सांगितली गेली, त्याच नौदलाचे खलाशी १८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत ‘तलवार’वर नासके अन्न आणि शिव्या यांविरुद्ध उठले, बंड कराचीपासून इतर बंदरांत पसरले. पाठिंब्याला रस्त्यावर आलेल्या मुंबईकरांवर गोळ्या चालल्या. परळला कमल दोंदे त्यात गेल्या. बत्तीस गोळ्यांच्या आणि चाळीस गोळ्यांच्या त्या लढाईला तेव्हा नुकतीच सव्वातीन वर्षे झाली होती. १९४२ च्या शौर्याला पदके देणारे आणि १९४६ च्या असंतोषाला बंडाळी म्हणणारे सरकार एकच होते. खलाशीही बरेचसे तेच.

स्वतंत्र भारताने टँकरचे मोल मात्र ओळखले, असे दिसते. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री कराचीवर क्षेपणास्त्र नौका सोडल्या, त्यांची मजल तोकडी होती. म्हणून त्यांच्या मागे ‘पोषक’ हे लहानसे तेलजहाज गेले होते. ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ ही नावे नौदल दिनाला घेतली जातात. ‘पोषक’चे नाव त्या मानाने क्वचित कानावर येते. नाव ठेवणाऱ्याने निदान अचूक ठेवले होते.

बर्मा-शेल १९७६ मध्ये सरकारने घेतली आणि पुढे तिची भारत पेट्रोलियम झाली. त्याच तुर्भ्याच्या कारखान्यातून नळाने तेल घाट चढून मनमाडजवळ पानेवाडीला येते आणि तिथून रस्त्याने आमच्या बागलाणातल्या पंपांवर. डाळिंबाच्या बागेतले फवारणीचे इंजिन असो की कांद्याचा ट्रॅक्टर, डिझेल याच वाटेने येते. शिंपल्याचा ठसा त्यावर आता नाही.

‘ओंदिना’ १९५९ मध्ये हाँगकाँगला मोडीत निघाले. ‘बेंगॉल’ त्याच्या पुढच्या वर्षी, १९६० मध्ये. दिएगो गार्सियाच्या वाटेवर एकमेकांपासून सुटलेली ही दोन जहाजे वर्षाच्या अंतराने गेली. हाँगकाँगला त्या काळी मोडलेल्या जहाजांचे पोलाद तापवून, लाटून बांधकामाच्या सळ्या करत. चीनमधून आलेल्या निर्वासितांसाठी तिथे धडाधड इमारती उठत होत्या. इंजिनखोलीतल्या त्या बिननावाच्या खलाशांपैकी कुणाची मुले-नातवंडे अशाच एखाद्या इमारतीत राहायला गेली असतील, तर त्यांच्या डोक्यावरच्या स्लॅबमध्ये काय आहे, हे त्यांना कुणी सांगितले नसणार.